आयच्या हातावरचे निळे डाग

आबा, तुम्ही आयला कधी मारलं नाहीत. हे मला परवा मंगळवारी दुपारी कळलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आयला जाऊन चाळिसाच्या वर, आणि मी स्वतः आता चष्मा लावूनही सुईत दोरा ओवताना चिडणारी बाई झालेय. इतका उशीर कसा झाला असं विचारू नका. माणसाच्या आत काय चाललंय त्याचा फोटो काढायचा हे माझं रोजचं काम, आणि माझ्याच घरातलं मला दिसलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असता तरी हे मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मला काही केल्या जमलं नसतं. म्हणून लिहून ठेवतेय.

तुम्ही एकदाच माझ्या कामावर आला होता. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. सांगलीतल्या त्या मोठ्या इस्पितळात तळमजल्याला आमचा विभाग, दारावर किरणांची पिवळी पाटी, आणि त्या पाटीखाली बाकावर तुम्ही. तांबडा पटका, मांडीवर घोंगडी. कळप तेव्हा कराडच्या अंगाला नदीकाठी उतरला होता, आणि मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून तुम्ही एसटीनं आला होता. म्हणालात, "कुनीतरी बोललं, तुज्या खोलीत लय गारठा असतोय. मशीनला गार हवा लागती म्हनं. म्हनून आनली." मी घोंगडी घेतली, चहा मागवला, आणि तुमचा चहा संपेपर्यंत समोर उभी राहिले. बसले नाही. "हितं काय करतीस गं तू?" असं विचारलंत, तर मी "फोटो काढते" एवढंच तोडून सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. "चांगलं हाय," म्हणालात आणि कप धुवायला नळ कुठं आहे ते शोधायला लागलात. ज्या माणसानं माझ्या आयला मारून मारून संपवलं त्याला मी चहा पाजतेय हेच पुष्कळ झालं, असं तेव्हा माझ्या डोक्यात होतं. घोंगडी मात्र मी टाकली नाही. खोली खरंच गार असते. ती माझ्या खुर्चीवर राहिली, आणि एखादा पेशंट फारच कुडकुडायला लागला की मी ती त्याच्या पायावर टाकते.

तर मंगळवारी सकाळी एक बाई आली. कडेगावच्या पलीकडची, आपल्यातलीच, चाळिशीची असेल. बरोबर नवरा आणि भाऊ. नवऱ्याची काठी वॉचमननं दारातच काढून घेतली होती, त्यामुळं बिचाऱ्याला हात कुठं ठेवावेत तेच कळत नव्हतं. भाऊ मिलिटरीतला, सुट्टीवर आलेला, ताठ. दोघं एका बाकावर बसले होते, पण मधे आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. बाईच्या यकृतात नारळाएवढी गाठ निघाली होती. हिरड्यांतून रक्त यायचं, आणि रक्त गोठायला ज्या पेशी लागतात, आम्ही प्लेटलेट म्हणतो, त्या इतक्या कमी की आकडा वाचून मी कागद परत बघितला. सीटी स्कॅनवर डॉक्टरांचं एकमत होईना. कुणी कॅन्सर म्हणत होतं, कुणी नाही. प्लेटलेटच्या पिशव्या चढवायच्या आणि बुधवारी गाठीत सुई घालून तुकडा काढायचा, असं जवळपास ठरलं होतं. आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडम तेवढ्या अडून बसल्या. म्हणाल्या, आधी आपला फोटो होऊ दे. गाठ नुसत्या रक्तवाहिन्यांचा गुंता असली, तर त्यात सुई घातल्यावर रक्त थांबायचं नाही आणि बाई हातची जाईल.

बाईच्या दोन्ही हातांवर निळे-काळे डाग होते. कोपराच्या वर, कोपराच्या खाली, काही जुने पिवळे पडलेले. आमच्याकडच्या शिकाऊ डॉक्टर मुलीनं दोघा पुरुषांना बाहेर थांबवलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, "मावशी, घरात कुणी मारतं का?" बाई म्हणाली, "न्हाई वो. मेंढरं कातरताना लाथ बसली." डॉक्टर मुलीनं माझ्याकडं बघितलं. आम्हा बायकांना ती नजर ठाऊक असते, पायरीवरनं पडले, दार लागलं, असलं काही ऐकलं की आपण एकमेकींकडं बघतो ना, ती. मीही तिच्याकडं तशीच बघितली. आणि मग माझा हात सुईच्या पाकिटावरच राहिला, कारण हेच वाक्य मी लहानपणी ऐकलेलं होतं, शब्दाला शब्द.

तुम्ही आखाडात कळप घेऊन घरी यायचा आणि दिवाळी झाली की परत पश्चिमेला निघायचा. आय अंगानं नाजूक म्हणून तुम्ही तिला कधी कळपामागं फिरवलं नाहीत. ती आणि मी गावातच असायचो. मधल्या दिवसांत कातरण. ओढ्यात मेंढरं धुवायची, उन्हात वाळवायची, मग तुम्ही कात्री घेऊन बसायचा आणि आय एकेक मेंढरू आडवं पाडून गुडघ्याखाली दाबून धरायची. मेंढरू गप पडून राहतंय होय? ते लाथा झाडतं, डोकं मारतं. तुम्ही नसायचा ते आठ महिने आयचे हात साफ असायचे, आणि तुम्ही आला की पंधरा दिवसांत निळे. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. विहिरीवर आय म्हणायची, मेंढरं कातरताना लाथ बसली, आणि बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "आमच्यात बी हायेत की असली दोन पायाची मेंढरं." आय हसायची. ती हसायची म्हणून त्यांना आणखीच खरं वाटायचं.

आणि मला तरी कळायला हवं होतं की नाही? तुम्ही माझ्यावर उभ्या जन्मात एकदाच ओरडलात. एक भादरलेली मेंढी सारखी पळत होती म्हणून मी तिला काठीनं दोन सणसणीत ठेवून दिल्या. तुम्ही कात्री टाकून आलात, काठी माझ्या हातातनं घेतलीत आणि गुडघ्यावर मोडलीत. "मुकं जनावर हाय. त्याला कुनाला सांगता येतंय काय?" मी दिवसभर रुसून बसले होते. काठी माझी लाडकी होती. ज्याला मेंढीला मारलेलं सोसत नाही तो बायकोला मारेल का, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात चाळीस वर्षांत एकदाही आला नाही. शिकलेली म्हणवते मी.

मग ती पंचमी. मामा आम्हाला माहेरपणाला न्यायला आला, आष्ट्याला. मी अकरा वर्षांची. मामाचं पक्कं घर, दारात नळ, अंगणात कासारीण बसलेली, भोवती गल्लीतल्या बायकांचा गराडा. अजून माझ्या समोर आहे ते. बांगड्या भरायची आयची पाळी येते. बांगडी कोपराला अडू नये म्हणून मामी तिची बाही वर सारते, आणि सगळ्या जवळ सरकतात. कासारीण विचारते, "कुनी मारलं गं बाई?" आय म्हणते, "मेंढरानं." कासारीण आयचा पंजा आवळून बांगड्या चढवते, हिरव्या, हातभर. तासाभरानं त्या पंज्यावर कासारणीची बोटं निळी उमटली होती. पाची बोटं. मी मोजली. पण तोवर बायका वरचे डाग बघून, बोलून, उठून गेल्या होत्या, आणि मामा ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. मग मामानं घरातल्या एका माणसाला आत स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, आणि त्या माणसानं "व्हय, मारत्यात" असं सांगितलं. कुणी सांगितलं ते पुढं लिहिते. आत्ता हात होत नाही.

मामानं आम्हाला परत पाठवलं नाही. आठ दिवसांनी तुम्ही न्यायला आलात. दारात उभं राहून म्हणालात, "म्या हात लावला न्हाई तिला." एकदाच. आतनं आय ओरडली, "आवं दादा, खरंच मेंढरानं," तर मामा म्हणाला, "तू गप." मग तो तुमच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला, आणि त्यानंतर तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही. दसरा झाल्यावर आयची दाढ दुखायला लागली. मामानं नेऊन काढून आणली. रक्त थांबेना. कापसाचे बोळे, तुरटी, मग दवाखाना, आणि तिसऱ्या दिवशी आय गेली. कुणाला काही उमजलं नाही. मामा सगळ्यांना सांगत सुटला, "आतनं मोडली व्हती माझी भन. मारून मारून मोडली." मी ते ऐकतच मोठी झाले. आष्ट्यातच शिकले, पुढं कराडला कॉलेज केलं, मग हे मशीनचं शिक्षण. तुम्ही वर्षातनं एकदा यायचा, अंगणातच बसायचा, आणि मी अभ्यासाचं निमित्त सांगून आत जायची.

तुम्ही विचारलं होतं ना हितं काय करतीस, ते आता नीट सांगते. मंगळवारी त्या बाईच्या नवऱ्यालाही सांगितलं. पेशंटचंच थोडं रक्त काढायचं, त्याला एक औषध लावायचं, जे काही तास बारीक किरणं सोडतं, आणि ते रक्त परत त्याच्याच शिरेत सोडायचं. बाई म्हणाली, "माजंच रगात काढून मलाच परत? ह्यात काय शानपना?" मी म्हटलं, तुम्ही मेंढराच्या पाठीला रंग लावून कळपात सोडता की नाही? नवऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "व्हय व्हय. मंग ती कुटं घुटमळत्यात ते लांबनं दिसतंय." बस. पदवी घेतलेल्या लोकांना समजवायला मला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रक्त काढून झाल्यावर त्या शिरेवर मी दहा मिनिटं बोटांनी दाबून धरलं, कारण थांबतच नव्हतं. मग तिला कॅमेऱ्याखाली झोपवलं, आणि थंडीनं तिचे दात वाजायला लागले तशी तुमची घोंगडी तिच्या पायांवर टाकली.

पहिल्या मिनिटांच्या फोटोत हृदय दिसलं, मोठ्या शिरा दिसल्या, यकृत दिसलं, आणि त्यात ती गाठ काळी, रिकामी. रंग लावलेलं एकही मेंढरू तिकडं फिरकलं नव्हतं. म्हणजे कॅन्सरच, असं वाटून शिकाऊ डॉक्टर मुलीचं तोंड पडलं. मॅडम म्हणाल्या, थांबा. दोन तासांनी परत बघू. हे दोन तास फार वाईट असतात आबा. या वेळात घाई करणारे लोक मी पाहिलेत. बाहेर भाऊ मला अडवून म्हणाला, "मॅडम, सीधी बात सांगा. रिपोर्ट काय बी येऊ दे, मी हिला घेऊन चाललो. आन याच्यावर केस टाकणार." नवरा चार हातांवर उभा होता, ऐकत होता. एकदाच म्हणाला, "मी हात लावला न्हाई." मला तिथं उभं राहवेना.

दुपारी बाईला परत आत घेतलं आणि तिचा हात वर घेताना मी बघितलं. जिथं मी सकाळी दाबलं होतं तिथं निळं झालं होतं. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. माझी बोटं. मी माझा पंजा त्यावर धरून बघितला, बरोबर बसला. मला कासारीण आठवली आणि मी ती पाची बोटं मोजली, मोठ्यानं. बाई घाबरली, म्हणाली, "काय झालं वो ताई?" मी काही नाही म्हटलं. दार बंद होतं, दोघीच होतो, म्हणून मी तिला शेवटचं विचारून घेतलं, नवरा खरंच हात उगारत नाही ना. ती हसायला लागली. "मारायला ते घरी कवा असत्यात? आन आले की मेंढरांतनं सवड हाय व्हय त्यास्नी?"

मग फोटो. पडद्यावर ती गाठ कडेकडेनं भरत आली होती आणि आता सगळी उजळली होती, हृदयापेक्षाही जास्त. सगळं रंगवलेलं रक्त तिथं जाऊन घुटमळत होतं. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, "हेमॅन्जिओमा." म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, कॅन्सर नाही. मग त्यांनी शिकाऊ डॉक्टर मुलीला समजावून सांगितलं ते मी पाठ करून ठेवलंय. अशी गाठ फार मोठी झाली की क्वचित कधी रक्त तिच्या आतच गोठायला लागतं. प्लेटलेट आणि गोठायला लागणारं बाकी सगळं तिथंच खर्ची पडतं, आणि मग उरलेल्या अंगाला काही राहत नाही. हिरडीतनं रक्त येतं. जरा दाबलं तरी निळं पडतं. त्यांनी वॉर्डात फोन लावला आणि उद्याची सुई रद्द करा म्हणून सांगितलं. मी मान खाली घालून फाईलवर वेळ लिहीत होते. अक्षरं नीट दिसेनात.

रिपोर्ट काय आला ते आम्ही टेक्निशियननं सांगायचं नसतं. पंचवीस वर्षांत मी हा नियम मोडला नव्हता. परवा मोडला. बाहेर जाऊन भावाला आत बोलावलं, त्याच्या बहिणीचा हात उजेडात धरला आणि म्हटलं, हा डाग बघा, आणि हा माझा पंजा बघा. मी सकाळी दाबलं ते हे. मी मारलं का तिला? तुमच्या दाजींनीही मारलेलं नाही. रोग आहे. त्यानं आधी डाग बघितला, मग माझा पंजा. मग बाहेर जाऊन बाकावर बसला, थोडा सरकला आणि म्हणाला, "बसा दाजी." नवरा बसला. मी घोंगडी झटकून घडी करत होते, तर त्यानं हात लांब करून तिची कड चिमटीत धरून बघितली. "जावळाची हाय ताई. कुनी दिली?" म्हटलं, माझ्या आबांनी. म्हणाला, "कोकराच्या पयल्या कातरनीची लोकर ही. एका घोंगड्याएवढी साठवायला चार-पाच वर्सं जात्यात. लय जीव व्हता म्हनायचा पोरीवर." मला कुठं ठाऊक होतं आबा. मी ती पंचवीस वर्षं खुर्चीवर टाकून त्यावर बसत होते.

आता तुम्ही म्हणाल, आयचा फोटो तू कुठं काढलास? नाही काढला. सिद्ध करायला माझ्याकडं काही नाही. पण आयच्या पोटावर डोकं टेकवून झोपायला लागले की ती मला उजव्या बरगडीखालनं सरकवायची. "तितं नगं गं, दुकतंय." तिथं घट्ट लागायचं, हे माझ्या कानाला अजून आठवतंय. बाकी कासारणीची बोटं, दाढ, तीन दिवसांचं रक्त. मला पुरे आहे एवढं.

आणि आता ते पुढं ढकललेलं. पंचमीचा दिवस, स्वयंपाकघर. मामी मोदकपात्रातनं पुरणाची दिंडं काढतेय, एक माझ्या ताटलीत वाढते, वर तूप. मामा उंबऱ्यावर बसतो आणि अगदी मायेनं विचारतो, "खरं सांग बाळ. आबा मारतोय का आयला? मारत असला तर तुमाला परत धाडत न्हाई बघ. हितंच शाळंत घालतो तुला." मला माहीत होतं आबा. कातरणीच्या दिवसांत रोज दुपारी तुम्ही चुलीपुढं बसून आयचा हात मांडीवर घ्यायचा आणि कोमट तेल-हळद लावायचा, आणि ती आई गं म्हणाली की फुंकर घालायचा. हे मी कितीदा बघितलं होतं, आणि दुसरं काही कधीच बघितलं नव्हतं. आय गेल्यावर मामाचं ऐकून ऐकून माझंच खोटं मला खरं वाटायला लागलं, तो भाग पुढचा. पण दारात नळ होता. शाळा मामाच्या घरामागंच होती, आणि आपल्या गावात मला दोन घागरी घेऊन अर्धा कोस जावं लागायचं. आठ दिवसांनी दारात मामा तुम्हाला जे बोलला ते मी आतनं ऐकलं होतं, "तुज्याच पोरीनं सांगितलंय." तुम्ही तिथंच गप्प झालात. तुम्ही आणखी एक शब्द बोलला असता, तर मी खोटी ठरले असते. माझ्याकडं एकदा बघितलंत, पटका सारखा केलात आणि गेलात. आणि तरी पुढं जावळ साठवत राहिलात.

मी "व्हय, मारत्यात" म्हणाले, आणि मामीकडं अजून एक दिंड मागितलं.